मऊ भिंती

एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत आमच्या शेजारी बॉयलरवर काम करणारा एक गृहस्थ राहायचा. दमलेला माणूस. बोलता बोलता मधेच थांबायचा, पुढचे शब्द उचलणं जिवावर आल्यासारखा. माझ्याकडे शिवणातलं उरलेलं कापड मात्र न चुकता मागायचा. “वहिनी, मखमलीचा तुकडा हे का एखादा?” दिलेलं कापड डोळे मिटून गालावर घासायचा आणि टोचलं तर परत करायचा. मला राग यायचा. फुकट घ्यायचं आणि वर नखरे!

त्याच्या घरी थोरली, अबोल बहीण. जरा गलका झाला की ती भिंतीवर डोकं आपटायची. डॉक्टरांनी वेड म्हणून हात झटकले होते. यानं दोनातली एक खोली तिला दिली. भिंतींना मखमल आणि जुनी मऊ लुगडी लावली, दिव्याला निळा कागद, कोपऱ्यात ओला वाळा. तिथं भिंतीवरून हात फिरवत ती शांत बसायची. हा स्वयंपाकघरात झोपायचा.

त्याची बदली झाली तेव्हा ट्रक आला. यानं आधी भिंतींवरची कापडं उतरवली, ट्रकच्या आत चारी बाजूंनी बांधली, वरून ताडपत्री ओढली आणि बहिणीला आत बसवलं. कपाट आणि खाट अंगणातच राहिली.

ड्रायव्हर म्हणाला, “साहेब, तुम्ही तरी पुढं बसा. मागं लय अंधार हे.”

“मलाबी तोच पाहिजे, बाबा,” असं म्हणून तो आत चढला आणि मखमलीला गाल लावून त्यानं डोळे मिटले.