वजन माझंच उतरलं

मैत्रिणींनो, आज सकाळचं कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सहा महिन्यांपूर्वी ह्यांना हार्ट अटॅक आला. डॉक्टर म्हणाले, पंधरा किलो उतरवा. एकट्यानं पथ्य होत नाही, म्हणून मीही तेल-साखर सोडली. माझं वजन नऊ किलो उतरलं, शेजारणी कौतुक करतात. ह्यांचं मात्र हलेचना.

आज हे बीपीची गोळी न घेताच फिरायला निघाले. ती द्यायला मी मागून गेले, तर हुडकेश्वर रोडवरच्या ठेल्यावर हे तेलकट, झणझणीत रस्सा घातलेले पोहे खात उभे. ठेलेवाला विचारत होता, "काका, रोजच्यासारखी तर्री जास्त ना?"

मला पाहूनही ह्यांनी प्लेट खाली ठेवली नाही. ह्यांचे डोळे भरून आले होते.

"मले नाही जमत वं," म्हणाले. "रोज ठरवतो, अन् रोज इथंच येतो."

भांडण ओठांवर आलं होतं, पण गोळी हातात देऊन मी परत आले. दुपारी दुधी चिरायला घेतला आणि तशीच बसून राहिले.

आता ह्यांच्यावर पहारा ठेवू, की आवडतं ते खाऊ देऊ? मला दोन्हीची भीती वाटते. तुम्ही काय केलं असतं?