भरावाला अनुदान नाही

फोन हरेशचा होता, पण बराच वेळ नुसते ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. मग तो म्हणाला, "दादा, आई गेली." तारामामीला काही दिवस ताप होता. तुंबलेल्या पाण्यातून अंगात शिरणारा तो पावसाळी ताप. डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं. आधी कुठली यायला ती! खाचरात पाणी साचलेलं असताना घरात स्वस्थ पडून राहिली असती, तर ती तारामामी कसली... तिला जाऊन आता महिना होत आला. मला अजून तिचा आधी रागच येतो, रडू मागून येतं.

मामाच्या पश्चात मामीनं खाडीकाठच्या पूर्णा गावाजवळची ती एवढीशी भातजमीन एकटीनं राखली. आजूबाजूच्यांनी जमिनी दिल्या, गोडाऊनं उठली, दारात गाड्या आल्या. लोक मामीला वेड्यात काढायचे आणि मामी लोकांना. "तुमच्या गोडाऊनात भात पिकंल तवा सांगा, लावणीला येतंय," म्हणायची. मग शेजारच्या प्लॉटवर भराव पडला, पुरुषभर उंच. खाचरातलं पाणी ज्या वहाळातून खाडीला जायचं, तो वहाळच त्या माती-दगडाखाली गाडला गेला. तेव्हापासून बेताचा पाऊस झाला तरी मामीचं भात पाण्याखाली कुजायचं.

पीक गेलं की सरकारी माणसं येतात, पंचनामा होतो, अनुदान खात्यात जमा होतं. मामीकडेही आली. कागदावर नुकसानीचं कारण होतं अतिवृष्टी. मामीनं ते वाचून घेतलं आणि कागद परत दिला.

"पावसान न्हाय बुडवलं, भरावान बुडवलं. तसं लिवा."

तलाठी भला माणूस. म्हणाला, "मावशी, भरावाला अनुदान नाही हो. पावसाला आहे."

"मंग मला नको. आज पावसाव आळ घेतला, तर उद्या माझा वहाळ कुणाकडं मागू?"

दर पावसाळ्यात हेच. हरेश त्याच भरावावरच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर. घरात पैशांची ओढाताण, त्यात आईचा हट्ट. तो हातापाया पडायचा, "आई, सही कर ना, सगला गाव करतंय." मामी ढिम्म. मग मायलेकांचा अबोला, आणि मधल्यामध्ये सुनेचे हाल. वहाळ मोकळा करा म्हणून मामीनं कुठल्या कुठल्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. कोणी नाही म्हणालं नाही, कोणी आलंही नाही.

यंदा तिच्या बाराव्यानंतर पंचनामेवाले आले. मी तिथंच होतो. खोटं कशाला बोलू, सगळ्यांनाच जरा हायसं वाटलं होतं. आता अडवणारं कोणी नव्हतं. वारस म्हणून सही हरेशची, सुनेनं पेनसुद्धा आणून ठेवलं. हरेशनं कागद हातात घेतला, खालीवर पाहिला.

"साहेब, भरावाचं लिवता येतं का आता?"

तलाठ्यानं नकारार्थी मान हलवली. हरेशनं कागद परत दिला.

"पावसान न्हाय नेली माझ्या आईला," तो म्हणाला.

सून आत जाऊन रडली, आणि तिचं काय चुकलं? मुलांची फी काही आमच्या कौतुकानं भरली जाणार नाही.

परवा संध्याकाळी गेलो, तर ओटीवर वाटीत मेंदी भिजत होती. सतत पाण्यात राहून पायांच्या बोटांत चिखल्या होतात, त्यांवर लावायला मामी भिजवायची. मला वाटलं, तिची वाटी कोणी हलवलीच नाही. तेवढ्यात हरेश ड्युटीवरून आला. बूट काढले, पाय धुतले आणि वाटी पुढ्यात ओढून बोटांच्या बेचक्यांत मेंदी भरू लागला. पाय पार सोलवटले होते.

"तू कशाला उतरतोस रे खाचरात? भात तर सगळं गेलं."

"ड्युटीच्या आधी जातंय रोज. पानी कुठून वाट काढतंय काय, ते बघाला."

"काढतं का?"

"न्हाय," तो म्हणाला, आणि दुसरा पाय पुढं घेतला.