वातीचा दाखला
सरकीचा तेलकट वास आला की मला सोनाळ्यातली आमची ओसरी आठवते आणि तोंड कडू होतं. बोंडअळीनं बीटीची पऱ्हाटी पोखरली, त्या वर्षीची गोष्ट. व्यापारी हात लावत नव्हता म्हणून पिवळट, डागी कापूस ओसरीतच पडला होता आणि त्याच्याशेजारी सतरंजी टाकून मला पाहायला आलेली मंडळी बसवली होती. मुलाच्या आत्यानं विचारलं, "काय शिकून राह्यली वं बाई तू?" मी एमेस्सीला प्रथिनांवर काम करत होते आणि कुणी विचारलं की फुलून सांगायचे. मी म्हणाले, काही प्रथिनांना स्वतःचा ठरलेला आकारच नसतो. जोडीदार भेटला की त्याला बिलगताना ती आकार घेतात. कुणाला काही कळेना, म्हणून ढिगातला चिमूटभर कापूस तळहातावर वळून दाखवला. "हे पाहा, कापसाले आकार नाही, पण वळला की वात." आत्याबाई खुलल्या. "हाव, पोरगी अशीच पाह्यजे, ज्या घरी गेली त्या घराच्या वळणाची!" सगळे हसले, कित्येक दिवसांनी बाबाही हसले, आणि सुपारी तिथंच फुटली. माझं शिक्षण त्या ओसरीतच राहिलं. खरं तर सांगणं अर्धंच झालं होतं. अशी प्रथिनं पुष्कळदा जोडीदाराला सहज सोडतातही, आणि सुटली की पुन्हा आपली मोकळी होतात. आज सासरी देवापुढे वाती वळत बसून हे कुणाला सांगू? दाखला मी वातीचा दिला होता, आणि वात एकदा वळली की जळेपर्यंत वातच राहते.