दुसऱ्या सुईच्या आधी

शाळेत आठवीच्या पोरींना शिकवताना मीच सांगते, दुखणं लपवू नका. आणि माझ्या सतरा वर्षांच्या लेकीनं छातीत सुपारीएवढी गाठ लागते म्हणून सांगितलं, तेव्हा मी पहिला प्रश्न काय विचारला? "कुणाला बोललीस का?"

सुईनं गाठीतल्या पेशी काढून तपासायला गावच्या डॉक्टरांनी आम्हाला हिंगोलीच्या लॅबमध्ये पाठवलं. हळद विकायच्या दिवसांत आमचं अर्धं साखरा गाव हिंगोलीच्या बाजारात असतं. उद्या लग्नाला येणारी पोरगी, बोभाटा झाला तर स्थळं यायची नाहीत, हेच माझ्या डोक्यात. म्हणून निघताना तिच्या तोंडाला ओढणी बांधली आणि माझं छोटं मंगळसूत्र तिच्या गळ्यात घातलं. कागदावर वय तेवीस लिहिलं आणि अंगावर पिणारं बाळ आहे असंही ठोकून दिलं. बाळंतिणीच्या गाठीला कोण नावं ठेवणार? स्वतःच्या हुशारीवर मी खूश होते. सुई टोचताना लेकीनं माझा हात धरला नाही.

चार दिवसांनी फोन आला, परत या. कशाला ते सांगितलं नाही.

"आई, मला कॅन्सर हाय का?" लेकीनं एसटीत विचारलं. मी कंडक्टरकडं वळून हिंगोलीची दोन तिकिटं मागितली.

लॅबच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाळ दूध पितंय म्हणता, पण पेशी पसरलेल्या काचेवर दुधाची खूणसुद्धा नाही. नमुने बदलले असणार. पुन्हा सुई घालावी लागेल." काचा तयार करणाऱ्या बाईला त्यांनी आमच्यासमोरच झापलं. ती बिचारी काचांवरची नावं पुन्हा ताडून बघू लागली.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. लेक टेबलावर आडवी झाली, डॉक्टरबाईंनी सुई हातात घेतली, तरी मी गप्पच. शेवटी लेकच उठून बसली.

"त्यांची चूक न्हाई मॅडम. माझं लगीनच झालं न्हाई. मी बारावीला हाय."

डॉक्टरबाईंनी सुई खाली ठेवली. आत जाऊन काच पुन्हा बघून आल्या आणि तिलाच म्हणाल्या, "तुझ्या वयात होते ती साधी गाठ आहे. कॅन्सर नाही. सहा महिन्यांनी दाखवून जा." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. फोन आल्यापासून माझं लेकरू मरणाच्या भीतीत राहिलं ते माझ्या खोटेपणामुळं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परवा ते सहा महिने झाले. मी साडी बदलून तयार होते. लेक चपला घालत म्हणाली, "तू नको येऊ आई. तिथं खरं सांगावं लागतंय."