पैले चहा, मंग डोंगर

दादाला मी शेवटचं पाहिलं ते काचेतून. नागपूरच्या इस्पितळात अतिदक्षता विभागाच्या दाराला बरीच वर एक चौकोनी काच होती आणि माझी उंची तिथवर पुरत नव्हती. भाच्याने, विनयने, कुठून तरी एक स्टूल आणलं आणि मला धरून त्यावर उभं केलं. आत दादा डोळे मिटून पडला होता. तोंडाला नळी, हाताला सुई. मी पिशवीत धुतलेला टॉवेल, कंगवा, त्याचा जाड भिंगांचा चष्मा आणि थर्मासमध्ये मुगाचं कढण नेलं होतं. आत काही नेता येत नाही, असं नर्सने सांगितलं. मी दहा वेळा काचेवर बोट टेकवलं असेल. त्याला काय दिसणार... संध्याकाळी सगळं सामान जसंच्या तसं वर्ध्याला परत आणलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विनयचा फोन आला. त्याने नुसतं "आत्या" म्हटलं आणि मला कळलं.

याला आता दीड महिना झाला. दौलतदादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. कापसाच्या धाग्याचा तो शास्त्रज्ञ होता. त्याच्या कामाबद्दल त्याचे सहकारी लिहितील, काहींनी लिहिलंही आहे. पण त्याच्या आयुष्यात एक असा दिवस होता ज्यात काहीच घडलं नाही. त्या दिवसाबद्दल लिहिणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. मेलबर्नची माझी नातवंडं मराठी वाचतात, पण हळू वाचतात, म्हणून पहिल्यापासून आणि सोपं करून सांगते.

आम्ही अल्लीपूरचे. नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आल्यानंतरचा, छप्पन्न-सत्तावन्नचा तो हिवाळा. दादाला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली होती आणि तो इंग्लंडला शिकायला निघाला होता. सुएझ कालवा तेव्हा बंद होता, त्यामुळे मुंबईहून सुटणाऱ्या बोटी सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून जात. बोटीच्या कंपनीकडून एक इंग्रजी पुस्तिका आली होती, तिच्यात वाटेतल्या बंदरांची माहिती होती. दक्षिण आफ्रिकेच्या बंदरांत हिंदी, म्हणजे भारतीय, लोकांना उतरू देत नाहीत, हे कंपनीने आधीच कळवलं होतं. राहिलं एकच ठिकाण. अटलांटिक महासागरात मदेरा नावाचं बेट, तिथे बोट कोळसा-पाण्यासाठी सकाळपासून संध्याकाळपर्यंत थांबणार होती. महिनाभराच्या प्रवासात जमिनीवर पाय टेकवायचा तेवढाच एक दिवस.

मी मॅट्रिकला होते आणि वर्ध्याच्या वसतिगृहातून सुटीला घरी आले होते. घरात इंग्रजी वाचणारी दोनच माणसं, दादा आणि मी. बाबा दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करून संध्याकाळी आले की हातपाय धुऊन ओट्यावर बसत आणि म्हणत, "सरू, थे बेट वाच." मग मी वाची. समुद्रातून सरळ वर चढणारा डोंगर, उतारावर केळीच्या बागा, बंदराजवळ फुलं विकणाऱ्या बाया, गोल गोट्यांसारख्या दगडांचे रस्ते. आमच्यापैकी कुणीही समुद्र पाहिलेला नव्हता. पण केळीच्या बागा म्हटल्यावर माय म्हणाली, "मंग तं घरच्यासारखंच आहे." डोंगरावरून खाली यायला वेताच्या टोपल्या असतात, हेही त्यात होतं. टोपलीत प्रवासी बसतो आणि दोन माणसं मागून दोर धरून ती उतारावरून घसरवत आणतात. बाबांनी ते दोनदा वाचायला लावलं.

"अन् थे टोपली परत वर कोन नेते?" त्यांनी विचारलं.

मी पान उलटून पाहिलं. "नाई लिहिलं, बाबा."

"नाई लिहिलं म्हणजे माणूसच नेत असंन. दौलत, त्यात नको बसजो बाप्पा. पायी उतरजो."

मला तेव्हाही प्रत्येक गोष्ट नीट आखून लागायची. मी रेघा मारलेल्या कागदावर दादाच्या दिवसाचं वेळापत्रक केलं. बोटीतून उतरणे, बाजार, देऊळ, म्हणजे त्यांचं चर्च, मग डोंगर, मग जेवण, मग परत. दादा वाचून हसला. "सरूबाई, जेवायले टाइम देला, श्वास घ्यायले कुठं देला?" मी रुसले. बाबांना मात्र वेळापत्रक पटलं नाही, आणि त्यांचं कारण वेगळं होतं.

आमच्या गावात बाजाराच्या दिवशी एक हॉटेल लागे. बाबांना चहा फार आवडायचा. पण आमच्यासाठी कप वेगळा, बाहेर भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेला. तो आपणच घ्यायचा, वरून चहा ओततील तो उभ्याने प्यायचा, आणि धुऊन पुन्हा कोनाड्यात ठेवायचा. दीक्षा घेऊन आल्यावर बाबांनी त्या कपाला हात लावला नाही. हॉटेलसमोरून जाताना ते मान दुसरीकडे वळवत. त्या संध्याकाळी माझा कागद हातात धरून, अक्षर वाचता येत नसताना त्याच्याकडे बघत, ते म्हणाले, "तिथं हॉटेलात आपल्याले अंदर बसून चहा देतेत का?"

"देतेत, बाबा. सगळ्याईले देतेत," दादा म्हणाला.

"खुर्चीवर?"

"खुर्चीवर. टेबलावर."

"मंग डोंगर-बिंगर मांगून. पैले चहा. उतरला का सिद्धा जाजो, मदात बसजो, कोपऱ्यात नाई. अन् चहा पेऊन मंग डोंगर पाह्यजो."

मायला वेगळीच चिंता. तिने विचारलं, "अन् तिथं कोनं इचारलं, कोन गावचा, तं?"

"सांगीन ना, अल्लीपूरचा."

"अन् मंग?"

"मंग काई नाई, माय! त्याईले अल्लीपूर कुठं माहीत आहे!"

आम्ही सगळे हसलो. बाबा सगळ्यात जास्त वेळ हसले. मध्येच थांबायचे, "त्याईले अल्लीपूर माहीत नाई," असं म्हणायचे आणि पुन्हा हसायचे. मी वेळापत्रक खोडून पहिल्या ओळीत 'चहा' लिहिलं.

दादाला निरोप द्यायला आम्ही वर्धा स्टेशनवर गेलो. गाडी सुटताना दुसरे बाप "तब्येत सांभाळ" म्हणत होते. आमच्या बाबांनी खिडकीचा गज धरून सांगितलं, "मदात बसजो."

त्यानंतर पत्राची वाट पाहणं आलं. बोट कुठे असेल याचा हिशोब बाबा चंद्रावरून लावत. गावात त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की दौलतच्या पत्रात बेट येणार आहे. त्यामुळे इंग्लंडहून पत्र आलं, तेव्हा आमच्या अंगणात वस्तीतली निम्मी माणसं जमली. मी त्या दिवशी नेमकी घरी होते. ओट्यावर उभी राहून मोठ्याने वाचायला लागले. आफ्रिकेचं टोक, मोठ्या लाटा, उलट्या, बोटीवरचं बेचव जेवण... लोक हूं हूं करत ऐकत होते. मग बेट आलं. वाचताना डोळा नेहमी जिभेच्या एक ओळ पुढे असतो. पुढची ओळ मला दिसली आणि मी थांबले.

"काऊन थांबली?" बाबा म्हणाले. "वाच."

मी वाचलं. बोट बंदराबाहेर उभी राहिली. बेटावरचे अधिकारी नावेतून वर आले, पासपोर्ट पाहिले. इंग्रज प्रवाशांच्या पासपोर्टांवर शिक्के मारले आणि हिंदी लोकांचे बाजूला काढून परत दिले. बेट पोर्तुगीजांचं होतं. गोव्यावरून त्यांचे आपल्या सरकारशी संबंध तुटलेले होते, म्हणून हिंदी माणसाला पाय ठेवायला परवानगी नव्हती.

पुस्तिकेत बेट पोर्तुगीजांचं आहे हे पहिल्याच ओळीत होतं. मी ते रोज संध्याकाळी वाचत होते. गोव्याच्या मुक्तीसाठी वर्ध्यात मिरवणूक निघाली, तेव्हा दादा घसा बसेपर्यंत ओरडला होता. तरी आमच्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की ते पोर्तुगीज आणि हे पोर्तुगीज एकच. आमच्यासाठी एक वर्तमानपत्रातले होते आणि दुसरे त्या सुंदर बेटाचे.

शेजारचे किसनकाका म्हणाले, "पाह्य बाप्पा! पोट्टा वर्ध्यात वरडला अन् तिथलोक आवाज गेला म्हन की!" अंगणभर हशा झाला. बाबा हसले नाहीत.

"सगळ्याईलेच नाई उतरू देल्लं?" त्यांनी विचारलं.

"सगळ्याईलेच. अमरावतीचे एक शेटजी होते, नागपूरचे एक डॉक्टर अन् त्यांची बायको. कोणालेच नाई."

"शेटजीले बी नाई?"

"नाई."

"मंग दिवसभर केलं काय त्याईनं?"

दादाने लिहिलं होतं की सगळे हिंदी लोक डेकच्या कठड्याला उभे राहून बेट पाहत होते. डोंगर दिसत होता, केळी दिसत नव्हत्या. बंदराच्या काठावर टेबलखुर्च्या मांडलेल्या दिसत होत्या, माणसं बसलेली दिसत होती. काय पीत होती ते कळत नव्हतं... एवढंच. पुढे इंग्लंडची थंडी होती.

लोक पांगले. बाबा ओट्यावर बसून राहिले. मला वाटलं ते रडतील, पण ते काही तरी जुळवत होते. मग म्हणाले, "सरू, शेटजी अन् डॉक्टर अन् आपला दौलत, एकाच कठड्याले उभे होते म्हन."

"हो, बाबा."

"मंग चहा बी संगंच घेतला असंन."

पत्रात तसं काही नव्हतं. मी पत्र पुन्हा उघडलं, जणू काही राहून गेलं असेल. त्यांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. "घेतलाच असंन," ते म्हणाले. तेव्हापासून तेच गावभर सांगू लागले. आपल्या पोराला गोऱ्यांनी महार म्हणून नाही अडवलं, हिंदी म्हणून अडवलं, शेटजीच्या बरोबरीने अडवलं, आणि मग सगळ्यांनी एका जागी बसून चहा घेतला. अडवल्या गेलेल्या मुलाचा असा अभिमान बाळगणारा बाप मी दुसरा पाहिला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा तापाने गेले. आठवडाभर आम्ही ओल्या फडक्याच्या घड्या बदलत राहिलो, दुसरं काही आमच्या हातात नव्हतं. शुद्ध असायची तेव्हा विचारायचे, "येतानी तरी थांबंन का बोट?" मी "थांबंन" म्हणायची. दादा वर्षभराने परतला, तोवर सुएझ पुन्हा सुरू झाला होता. बोट त्या वाटेने आलीच नाही.

तो आल्यावर एका दुपारी आम्ही दोघं त्याच ओट्यावर बसलो होतो. बाबा चहाची गोष्ट कशी सांगायचे, ते मी त्याला सांगितलं. तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "सरू, त्या दिवशी डॉक्टरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. 'आपला केवढा अपमान केला यांनी,' म्हणाला. आपला म्हणाला. मले खरंच बरं वाटलं. शेटजी बी शिव्या देऊन राह्यला होता, मी बी देऊन राह्यलो होतो. मंग चहाची घंटा झाली..."

मी विचारलं, "मंग?"

"मंग काय. मुंबई सोडल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याईनं माझं आडनाव विचारून घेतलं होतं. जो तो आपल्या टेबलावर गेला. मी माझ्या. स्वयंपाकघराच्या दरवाज्यापाशी होतं माझं."

"बेट?"

"थे होतंच ना समोर. चहा पेता पेता दिसत होतं."

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. बाबा हे ऐकायला नाहीत याचं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

दादा त्यानंतर बेटाबद्दल कधी बोलला नाही. पुढे नोकरीत पुष्कळ फिरला, विमानाने, गाड्यांनी. पण त्याला एक सवय लागली होती आणि तिने वहिनी जन्मभर हैराण झाली. गाडी कुठल्याही स्टेशनवर थांबली की तो उतरायचा. भूक नसायची, तहान नसायची, काही घ्यायचं नसायचं. दोन मिनिटांचा थांबा असला तरी उतरायचा. फलाटावर दोन्ही पाय टेकवून, हात मागे बांधून उभा राहायचा, इकडेतिकडे बघायचा. वहिनी खिडकीतून ओरडायची, "अहो, काय ठेवलंय तिथं?" तो म्हणायचा, "काही नाही. थांबली ना गाडी, मग उतरायचं." शिट्टी झाल्यावर, गाडी हलल्यावर तो दांडी धरून चढायचा. मी बरोबर असले की दारात उभी राहून मीही हाका मारायची. गुडघे दुखायला लागल्यावरही त्याने उतरणं सोडलं नाही. फक्त चढायला कुणाचा तरी हात घ्यायचा.

गेल्या महिन्यात दादाच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम आटोपून मी नागपूरहून पॅसेंजरने परत येत होते. विनय मोटारीने सोडतो म्हणत होता, मीच नको म्हटलं. वाटेत सिंदीला गाडी थांबली. दुपारची वेळ होती, फलाटावर ऊन होतं. काही बाया पोती घेऊन चढल्या, दोन मुलं उतरली, चहावाल्याच्या केटलीभोवती तीन-चार माणसं उभी होती. मी खिडकीशी बसले होते. माझ्याही नकळत मी त्या माणसांमध्ये पांढरा सदरा आणि मागे बांधलेले हात शोधायला लागले. शिट्टी झाली. मी उठले, बाकांच्या पाठीचा आधार धरत दारापर्यंत गेले आणि 'दादा, चल' हे शब्द ओठावर आले... गाडी हलली. फलाटावर जे उभे राहिले, ते सगळे सिंदीचेच होते.