भिंतीपलीकडे फेकलेल्या मिरच्या

आमच्या अपार्टमेंटचा ओटा मी पाडला. पहार गवंड्याच्या हातात होती, पण पाडला मीच.

फाटकाला लागूनच होता तो. दुपार झाली की समोरच्या वस्तीतल्या बायका तिथे पोती अंथरून मिरच्यांची देठं खुडत बसायच्या. त्यांच्या गप्पांनी माझी झोपमोड व्हायची, हे खरं कारण. मीटिंगमध्ये मात्र मी सांगितलं, "चोर याच गर्दीत बसून पाळत ठेवतात." आदल्याच महिन्यात दोन सिलिंडर चोरीला गेलेले, त्यामुळे सगळ्यांना पटलं. मी सोसायटीची चेअरमन! पन्नाशीची बाई, पण तोरा किल्लेदाराचा. भिंत दीड पुरुष उंच करवली, वर काचा रोवल्या. फाटकाला पत्रा ठोकला, आतलं बाहेर दिसायला नको म्हणून. माझ्या तळमजल्याच्या गॅलरीला छतापर्यंत जाळी, आणि गॅलरीच्या दाराला ओढताच आपोआप बसणारं कुलूप.

त्याच उन्हाळ्यात भर दुपारी पाण्याची मोटर गेली. चोर कुठून आत आला कोणालाच कळलं नाही; निवांत बसून नटबोल्ट खोलून मोटर घेऊन गेला. आतलं बाहेर दिसत नव्हतं ना! मग मी काय केलं? आणखी काचा मागवल्या.

एका दुपारी सहा महिन्यांची नात पाळण्यात झोपली होती. सून शाळेत शिकवायला गेलेली. गॅसवर दूध ठेवलं आणि सुपात मिरच्या घेऊन वाळत घालायला गॅलरीत गेले. वाऱ्याने दार आपटलं. खट्ट! किल्ली आत, मोबाइल आत, नात आत, दूध गॅसवर.

जाळी हलवली. दणकट काम, मीच उभं राहून करून घेतलेलं. हाका मारल्या. वरच्या मजल्यांवर कूलरची घरघर चाललेली, कोणाला काय ऐकू येणार? कुंडीतले खडे भिंतीपलीकडे भिरकावले. एक कुत्रं भुंकलं, बस. दूध उतू गेल्याचा करपट वास आला. त्यामागोमाग गॅसचा. ज्योत विझली होती. पाळण्याची करकर ऐकू येते का म्हणून मी दाराच्या फटीला कान लावला. काहीच नाही.

तेव्हा सुपाकडे लक्ष गेलं. आमच्या गावात दगड ओलांडून सगळे जातात, पण चिंधीत बांधलेल्या लाल मिरच्या रस्त्यात दिसल्या की पाय जागीच थांबतो. नातीची वाळत घातलेली दोन लंगोटं घेतली, दोन्हींत मिरच्या आणि एकेक खडा घालून गाठ मारली आणि जाळीतून हात काढून एकेक भिरकावलं. पहिलं काचांवर अडकलं. दुसरं गेलं.

"कोन शे व ही उतारा टाकनारी? भर रस्तामा!"

आवाज ओळखीचा होता. ओट्यावरची सगळ्यात भांडकुदळ बाई. मीही तिच्याच अहिराणीत ओरडले,

"उतारा नही माय! मी अडकी गयी! पोर घरमा शे, गॅस चालू शे!"

फाटकाला तर मीच कुलूप घातलेलं. पण ती टाकीमागे भिंतीला पडलेल्या खिंडारातून आली, चोराच्याच वाटेने. त्या खिंडाराची तिला माहिती होती, मला नव्हती. आणि एवढी उंच भिंत असताना कडी कशाला लावायची, म्हणून माझं पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं.

तिने आधी गॅस बंद केला. खिडक्या उघडल्या. नातीला उचलून बाहेर मोकळ्या हवेत नेलं. झोपमोड झाल्यावर पोरीने जो भोंगा काढला, तसं गोड गाणं मी आजवर ऐकलेलं नाही. मला तिने सगळ्यात शेवटी सोडवलं, तेही दारात उभी राहून आधी नीट बघून घेतल्यावर.

"काय व चेअरमनबाई, पिंजरामा बठनी का? आमना ओटा तोडा ना तू? मंग बठ आते एकलीच."

मी खाली बघून म्हणाले, "ओटा बांधून देते, माय."

बांधला. फाटकाचा पत्राही काढला. भिंत मात्र अजून तशीच उभी आहे. ती उतरवायचा ठराव मी मांडला, पण भीती मीच एवढी पेरून ठेवली होती की एकही हात वर आला नाही. त्या काचांवर माझ्या नातीचं अडकलेलं लंगोट कितीतरी दिवस फडफडत होतं.

आता नात सायकलवरून शाळेत जाते आणि मी दुपारची ओट्यावर मिरच्या खुडत बसते. डुलकी लागली की ती बाई कोपराने ढोसते.

"जागी ऱ्हाय व चेअरमनबाई. चोर येई."