दाजींचे इंग्रजी आशीर्वाद

“शोऑफ! निव्वळ शोऑफ!” दाजी भर मांडवात ओरडले आणि मी गॉगल काढेपर्यंत अख्खं करकंब गाव खदखदून हसलं.

आज शहरात सात रस्ता चौकातल्या दुकानात तसलाच काळा गॉगल दिसला आणि चुलतभावाचं ते लग्न आठवलं. दाजी म्हणजे थोरल्या अक्काचे मालक. पुण्यात नोकरीला लागल्यापासून माणसाला नावं ठेवायची ती इंग्रजीतच. कुणी हायफाय, कुणी ओव्हरस्मार्ट. त्या दिवशी मला बघायला आलेले मुलीकडचे पाव्हणेही हसले आणि न जेवता उठले.

पण नावं पुकारायचा माइक माझ्या हातात होता. आमच्याकडं नाव पुकारलं की आशीर्वाद द्यायला उठावंच लागतं. मी गरजलो, “इंग्रजीचे महासागर, आमचे दाजी, आता इंग्रजीतूनच आशीर्वाद देतील!” टाळ्या अशा पडल्या की तिकडं शहरात अक्कलकोट रोडचे यंत्रमाग थांबले असतील. दाजी उभे राहिले. फेट्यातून घामाचा असा पाट सुटला की एकरभर ऊस भिजला असता. “हॅपी...” म्हणाले आणि तिथंच अडकले. ती शांतता मला आजही बासुंदीसारखी गोड लागते.

पंगतीत मी अक्काला विचारलं, “कशी जिरवली दाजींची?”

अक्का वाढता वाढता म्हणाली, “त्येंच्यासंगं घरी मला जायचं हाय.”